इंजिनातून फुसफुस आवाज येतोय? पार्ट बदलायच्या आधी आवाज कुठून येतोय ते शोधा

बोनेटखालून फुस्स किंवा सूंऽऽ असा आवाज यायला लागला की नवीन माणूस दोनातलं एक करतो, एकतर गाणी मोठ्याने लावून गाडी तशीच दामटत राहतो नाहीतर गॅरेजमध्ये किल्ली देऊन "काय ते बघा" म्हणून मोकळा होतो. दोन्हीत नुकसान आहे. पहिल्यात इंजिन जाऊ शकतं आणि दुसऱ्यात नको ते पार्ट बदलले जातात, कारण हा आवाज बऱ्याचदा गॅरेजात पोचेपर्यंत बंद झालेला असतो आणि तुम्ही नीट सांगितलं नाही तर मेकॅनिक तरी काय करणार, अंदाजानेच हात घालणार ना. ज्यांनी आजवर बोनेट फक्त वायपरचं पाणी भरायला उघडलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय, त्यामुळे सगळं पहिल्यापासून सांगते.

आधी एक गोष्ट समजून घ्या. खडखड किंवा टकटक आवाज म्हणजे लोखंड लोखंडावर आपटतंय. फुसफुस आवाज म्हणजे हवा, वाफ किंवा गॅस बारीक फटीतून जातोय. मग एकतर आत दाब आहे आणि तो बाहेर सुटतोय, किंवा आत व्हॅक्यूम आहे आणि बाहेरची हवा आत ओढली जातेय, किंवा काहीतरी ओलं तापलेल्या भागावर पडून चर्रर्र करतंय. या तीन घरांपैकी आपला आवाज कुठल्या घरातला एवढंच आधी ठरवायचं आहे.

गाडी लगेच थांबवायची ती कधी

आवाजासोबत टेंपरेचरचा काटा वर चढतोय, किंवा लाल दिवा लागलाय, किंवा बोनेटच्या कडेने वाफ येतेय तर पुढचं सगळं वाचणं नंतर करा, आधी एसी बंद करा, हीटर फुल गरम करा म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता केबिनमध्ये निघते, आणि सुरक्षित जागा बघून गाडी उभी करून इंजिन बंद करा. "अजून थोडंच तर जायचंय" हा विचार इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, वाकवतो आणि हेड गॅस्केट, म्हणजे त्याच्याखालचं सील, उडवतो. आणि एक लक्षात ठेवा, कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, खूपच कमी झालं असेल तर सेन्सर पाण्यात नसून हवेत असतो, तेव्हा काटा खोटं सांगू शकतो, म्हणजे वाफ दिसतेय आणि काटा मधोमध आहे असंही होतं. अशा वेळी विश्वास वाफेवर ठेवायचा.

ब्रेकचं पेडल अचानक दगडासारखं कडक झालं असेल तरी गाडी चालवायची नाही, त्याचं कारण पुढे सांगते.

तिसरी गोष्ट म्हणजे गाडीत सीएनजी किंवा एलपीजी किट असेल आणि फुसफुस आवाजासोबत गॅसचा वास येतोय. सीएनजीच्या टाकीत भरलेली असताना साधारण २०० बार दाब असतो, इथे स्वतः काही दुरुस्त करायचं नाही म्हणजे नाही. इंजिन बंद, सगळे बाहेर, आग-सिगरेट लांब, हात पोचत असेल तर टाकीवरचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि किटचं काम करणाऱ्या अधिकृत माणसाला बोलवायचं. सीएनजी हवेपेक्षा हलका असतो, वर निघून जातो, एलपीजी जड असतो, तो खाली गाडीखाली आणि खड्ड्यात साचून राहतो, म्हणून एलपीजीवाल्यांनी तर जास्तच सांभाळायचं.

यातलं काही नसेल तर निवांत पुढे चला.

आवाज नेमका कधी येतो

मला विचाराल तर हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि लोक हीच गाळतात. एक कागद घ्या, किंवा मोबाईलमध्ये लिहा, आणि दोन दिवस नुसतं लक्ष ठेवा. थंड इंजिन सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर येतो का? गरम झाल्यावर वाढतो की कमी होतो? गाडी न्यूट्रलला उभी असताना येतो आणि रेस दिल्यावर जातो की उलटं? ब्रेक दाबल्यावरच येतो का? एसी चालू-बंद केल्यावर बदलतो का? इंजिन बंद केल्यावर किती वेळ चालू राहतो? मोबाईलवर रेकॉर्डही करून ठेवा, गॅरेजमध्ये ते फार कामाला येतं.

कारण बघा, पेट्रोल इंजिन आयडलिंगला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू, असताना थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, जवळजवळ बंद असतो आणि पिस्टन हवा ओढत असतात, म्हणून इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाईपांत, व्हॅक्यूम सगळ्यात जास्त तेव्हाच असतो. तुम्ही अॅक्सिलरेटर दाबलात की थ्रॉटल उघडतो आणि व्हॅक्यूम पडतो. म्हणजे उभ्या गाडीत सूं आवाज आणि रेस दिली की गायब, असं असेल तर व्हॅक्यूम लीक. उभ्या गाडीत शांत पण चढावर किंवा ओव्हरटेक करताना जोर लावला की फुस्स, तर टर्बोचा, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्याचा, पाईप. थंड असताना फुसफुस आणि दहा मिनिटांनी बंद, तर एक्झॉस्टचा, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या पाईपचा, जोड. इंजिन बंद केल्यावर सुरू होणारी फुसफुस म्हणजे बहुतेक वेळा कूलंट. ब्रेक दाबल्यावर पायापाशी आवाज, तर बूस्टर, म्हणजे व्हॅक्यूमच्या जोरावर ब्रेक दाबायला मदत करणारा डबा. यात अपवाद निघतात पण सुरुवात करायला एवढं पुष्कळ आहे.

आणि अजून एक प्रश्न स्वतःला विचारा, आवाज सुरू व्हायच्या आधी बोनेटखाली कोणी हात लावला होता का? सर्व्हिसिंग झाली, एअर फिल्टर बदलला, ऑइल बदललं, बॅटरी बदलली? असेल तर आधी तीच जागा बघा. एअर फिल्टरच्या डब्याची क्लिप नीट न बसणं, डबा आणि थ्रॉटलमधल्या जाड पाईपचा क्लॅम्प ढिला राहणं, एखादी बारीक नळी काढली आणि परत लावायची राहणं, ऑइलची डिपस्टिक पूर्ण खाली न जाणं, यातल्या कशानेही गाडी सूं करायला लागते आणि काम दोन मिनिटांचं असतं.

हत्यारं काय लागतात

फार नाही. एक टॉर्च. एक मीटरभर रबरी नळी, साधी, बोटाएवढ्या जाडीची. स्प्रेची बाटली, साध्या पाण्याने भरलेली. पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, ८, १० आणि १२ चे पाने. जमल्यास ओबीडीचं ब्लूटूथ डोंगल, म्हणजे गाडीच्या कंप्युटरमधली माहिती मोबाईलवर दाखवणारी छोटी डबी, त्याबद्दल पुढे.

ती रबरी नळी आहे ना, तोच तुमचा डॉक्टरचा स्टेथोस्कोप. एक टोक कानाशी धरायचं, दुसरं टोक इंजिनावर एकेका जागेजवळून हळूहळू फिरवायचं. नुसत्या कानाला सगळा आवाज सगळीकडून आल्यासारखा वाटतो, बोनेट तर अजूनच गोंधळ करतं, पण नळीचं टोक लीकच्या समोर आलं की आवाज एकदम कानात घुसतो, चुकायची सोय नाही. फक्त चालू इंजिनावर वाकताना ओढणी, स्कार्फ, लांब बाह्या, मोकळे केस, गळ्यातली चेन सगळं आवरून घ्या आणि नळी बेल्टपासून आणि पंख्यापासून लांब ठेवा. रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरायला लागू शकतो, हे खूप जणांना माहीत नसतं. गाडी न्यूट्रल किंवा पार्कमध्ये, हँडब्रेक लावलेला, आणि बंद जागेत इंजिन चालू ठेवायचं नाही कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास.

व्हॅक्यूम लीक, म्हणजे सगळ्यात जास्त वेळा सापडणारा

पेट्रोल गाडीत उभ्या इंजिनाला फुसफुस असेल तर मी सगळ्यात आधी हेच बघते. सोबत बाकीच्या खुणा असतात, आयडलिंगला आरपीएम वरखाली होतं किंवा नेहमीपेक्षा वर राहतं, सिग्नलला गाडी थरथरते, कधी बंद पडते, चेक इंजिनचा दिवा लागतो. कारण साधं आहे, इंजिनाचा कंप्युटर आत आलेली हवा मोजून तेवढं पेट्रोल सोडतो, आणि फटीतून शिरलेली हवा मोजलीच गेलेली नसते. मग मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. ओबीडीने कोड वाचला तर पी०१७१ किंवा पी०१७४ मिळतो, दोन्हीचा अर्थ मिश्रण पातळ झालंय.

माझ्याच गाडीचं सांगते. बरेच दिवस उभ्या गाडीत बारीक शिट्टीसारखा सूं आवाज होता, आयडलिंग ११०० च्या आसपास. गॅरेजमध्ये आधी थ्रॉटल बॉडी साफ केली, मग एक सेन्सर बदलला, आवाज आहे तिथेच. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी नळी घेऊन बसले. वरून सगळं नवंकोरं दिसत होतं. नळीचं टोक मॅनिफोल्डच्या मागच्या बाजूला खाली नेलं आणि कानात एकदम सूऽऽ. तिथे अंगठ्याएवढा एक रबरी एल्बो होता, काटकोनात वळलेला, वरून अगदी धडधाकट. बोटाने खालून चाचपलं तर वळणाच्या पोटात रबर मऊ पडलेलं, चिकट झालेलं आणि नखभर चीर. त्या चिरेवर बोट दाबलं, आवाज बंद, आरपीएम खाली ८०० वर. बोट काढलं, परत सूं. तो एल्बो बदलला आणि विषय संपला. ऑइलच्या वाफेने ही रबरं आतून फुगतात आणि मऊ होतात, आणि चीर बऱ्याचदा वळणाच्या खालच्या बाजूला पडते जिथे डोळा जात नाही. म्हणून रबरी नळी नुसती बघायची नाही, बोटांनी चाचपायची, पण हे चाचपणं इंजिन थंड असताना.

शोधायचा क्रम असा ठेवा. एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतचा जाड पाईप, त्याच्या घड्या उघडून बघा, घड्यांच्या आत चिरा असतात. मग थ्रॉटल बॉडीपाशी येणाऱ्या सगळ्या बारीक नळ्या. मग पीसीव्हीची नळी, म्हणजे इंजिनातली ऑइलची वाफ परत इनटेकमध्ये नेणारी. मग ब्रेक बूस्टरची जाड नळी. मग मॅनिफोल्ड इंजिनाला जिथे जोडलेला असतो तो जोड, तिथलं गॅस्केट.

नळीने जागा नक्की होत नसेल तर पाण्याचा स्प्रे. बारीक फवारा संशयित जोडावर मारायचा, एकेका जागी थोडाथोडा. लीक असेल तर पाणी आत ओढलं जातं, आवाज क्षणभर गुळगुळतो किंवा थांबतो आणि इंजिनाची लय बदलते. कॉइल, वायरिंगचे कनेक्टर आणि अल्टरनेटर यांच्यावर पाणी मारायचं नाही. बरेच लोक यासाठी कार्ब क्लीनर मारतात, काम होतं हे खरं, पण ते भडकन पेटतं आणि गरम एक्झॉस्ट शेजारीच असतो, म्हणून नवीन माणसाला मी ते करू देणार नाही. दुसरी युक्ती म्हणजे नळी चिमटून बघणं, पकडीला फडकं गुंडाळून मऊ नळी हलकेच दाबायची, आवाज थांबला की लीक त्या नळीवर किंवा तिच्या पुढे आहे. कडक झालेली जुनी नळी चिमटू नका, तुटेल.

पीसीव्हीसाठी एक सोपी परीक्षा आहे. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करून उचलून बघा. हलकी ओढ जाणवणं ठीक. पण झाकण जणू चिकटून बसलंय, निघायला तयार नाही, आणि काढताच आवाज बदलतोय तर पीसीव्हीचा आतला पडदा फाटलाय असं समजा. आजच्या बऱ्याच इंजिनांत हा पडदा वरच्या व्हॉल्व्ह कव्हरमध्येच असतो, काहींत तो वेगळा मिळतो, काहींत पूर्ण कव्हर बदलावं लागतं.

डोंगल असेल तर मोबाईलवर फ्युएल ट्रिम बघा. हा आकडा सांगतो की कंप्युटर हिशोबापेक्षा किती टक्के जास्त (अधिक) किंवा कमी (उणे) पेट्रोल सोडतोय. उणे-अधिक ५ पर्यंत छान, १० पर्यंत चालून जातं. आयडलिंगला अधिक २० वगैरे आहे आणि २५०० आरपीएमला रेस धरून ठेवली की खाली येतोय, तर व्हॅक्यूम लीकची खात्री झाली, कारण हवा जास्त ओढली जायला लागली की त्या फटीतल्या हवेचा वाटा नगण्य होतो. मात्र ज्या गाड्यांत हवा मोजायला एअरफ्लो सेन्सर नसून मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर असतो तिथे ट्रिम फारसा बिघडत नाही, नुसतं आयडलिंग वर चढतं. म्हणून ट्रिम ठीक दिसला की लगेच लीक नाही असं ठरवू नका. ज्यांच्याकडे व्हॅक्यूम गेज आहे त्यांच्यासाठी, समुद्रसपाटीला धडधाकट इंजिन आयडलिंगला साधारण १७ ते २२ इंच पारा दाखवतं आणि दर हजार फूट उंचीला अंदाजे एक इंच कमी होतो.

आता दुरुस्ती. नळी टोकालाच चिरली असेल आणि लांबी पुरत असेल तर तेवढा तुकडा कापून परत चढवा, हे पक्कं काम आहे. मधे चिरली असेल तर पूर्ण बदला, आतला व्यास तोच घ्या आणि व्हॅक्यूमसाठीचीच नळी घ्या, पाण्याची साधी नळी गरम होऊन आतल्या आत चपटी होते. टेप गुंडाळणं फक्त घरी पोचण्यापुरतं. मॅनिफोल्डचं गॅस्केट असेल तर आधी बोल्ट ढिले आहेत का बघा, पण आवळताना मधल्या बोल्टपासून बाहेरच्या बाजूला जायचं, थोडंथोडं, टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने, गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला. आजकाल मॅनिफोल्ड प्लास्टिकचे असतात, अंगातली ताकद लावून आवळलं की तडा जातो. हे काम पहिल्यांदाच करत असाल तर शेजारी जाणकार माणूस असू द्या. एवढं करूनही सापडत नसेल तर गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट मागा, इनटेकमध्ये अगदी कमी दाबाने धूर सोडतात आणि जिथे फट असेल तिथून धूर वर येतो, अंदाजाने पार्ट बदलण्यापेक्षा ही एक टेस्ट केव्हाही बरी.

कूलंट

हा भाग मी मुद्दाम सावकाश सांगते कारण इथे माणसं भाजतात.

नुसतं पाणी १०० अंशांना उकळतं. निम्मं पाणी निम्मं कूलंट असेल तर साधारण १०६ ला. पण रेडिएटरचं झाकण आत साधारण १ बार दाब धरून ठेवतं, त्यामुळे तेच मिश्रण १३० च्या जवळपास जाईपर्यंत उकळत नाही. कुकरचंच तत्त्व. आता गरम इंजिनात आत ११० अंशांचं कूलंट शांत बसलेलं असतं, तुम्ही झाकण उघडलंत, दाब गेला, आणि त्या क्षणी सगळं एकदम उकळून तोंडावर उडतं. म्हणून गरम इंजिनाचं झाकण फडकं धरूनही उघडायचं नाही. वरची जाड होज, म्हणजे रबरी पाईप, फडक्यावरून दाबून बघा, ती टणक लागतेय तोवर झाकणाला हात नाही. तासभर थांबा, दोन तास थांबलात तर अजून उत्तम.

इंजिन बंद केल्यावर फुसफुस का येते, तर पंप थांबतो, कूलंट फिरायचं थांबतं पण इंजिनाचं लोखंड अजून तापलेलंच असतं, म्हणून थोडा वेळ आतलं तापमान आणि दाब उलट वाढतात. ज्या झाकणाचं रबर वाळलंय किंवा ज्या होजला बारीक भोक आहे ती नेमकी तेव्हा फुसफुसते. गोडसर वास येतो. सुकल्यावर त्या जागी पांढरा, हिरवा किंवा गुलाबी थर जमतो, सकाळी टॉर्च घेऊन तोच थर शोधायचा. होजची टोकं, क्लॅम्पच्या खाली, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीचा आणि अॅल्युमिनियमचा सांधा, वॉटर पंपाखालचं छोटं भोक, थर्मोस्टॅटचं घर. गोड वास केबिनमध्ये येतोय, काच आतून तेलकट धुक्यासारखी होतेय आणि पायाखालचं कार्पेट ओलं आहे, तर हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय.

थंड झाल्यावर वरची होज चपटी झालेली दिसली तर झाकणाचा आत हवा घेणारा व्हॉल्व्ह अडकलाय. झाकण बदलणं ही सगळ्यात सोपी दुरुस्ती आहे, फक्त झाकणावर लिहिलेला दाबाचा आकडा जुन्यासारखाच हवा.

होज बदलायची असेल तर इंजिन पूर्ण थंड, खाली स्वच्छ भांडं लावून थोडं कूलंट काढून घ्या, क्लॅम्प पकडीने मागे सरकवा, होज ओढू नका, पिळून सैल करा. निघतच नसेल तर जुनी होजच ब्लेडने उभी चिरा, स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलीत तर रेडिएटरची मान, म्हणजे होज चढते ते तोंड, मोडते आणि मग नवा रेडिएटर. मान पुसून नवीन होज पूर्ण आत बसवा, क्लॅम्प मानेवरच्या उंचवट्याच्या मागे येऊ द्या. भरताना गाडीला सांगितलेलंच कूलंट, रंगावर जाऊ नका, रंगाचा काही एकच नियम नाही, आतलं रसायन वेगळं असतं आणि भलतं मिसळलं की गाळ होऊ शकतो. हीटर फुल गरम ठेवून हवेचे बुडबुडे निघून जाऊ द्या, काही गाड्यांत हवा काढायला वेगळा स्क्रू असतो. गरम इंजिनात थंड पाणी ओतायचं नाही, हेडला तडा जातो. आणि सांडलेलं कूलंट लगेच पुसा, गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

कूलंट कमी होतंय पण बाहेर कुठेच ओल नाही, टाकीत सतत बुडबुडे येतात, सायलेन्सरमधून गरम झाल्यावरही पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर, असं असेल तर हेड गॅस्केटची शंका, आणि ते काम घरचं नाही. एकटा दुधाळ थर असेल तर घाबरू नका, गाडी फक्त जवळच्या जवळ चालत असेल तर दमटपणानेही तो येतो.

ब्रेक दाबल्यावर येणारा आवाज

पेडल दाबताना क्षणभर हलकं फुस्स होणं बऱ्याच गाड्यांत नॉर्मल आहे. पेडल दाबून धरलंय तोवर आवाज चालूच राहतो, किंवा पेडल कडक लागतं, तर बूस्टरचा आतला पडदा किंवा त्याची नळी गेलीय. परीक्षा अशी, इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा म्हणजे साठलेला व्हॅक्यूम संपतो, मग दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर गाडी टो करून न्या. यात बाकी चर्चा नाही.

टर्बो, एक्झॉस्ट आणि थेंब

टर्बो गाडीत, मग डिझेल असो की पेट्रोल, टर्बोपासून इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा गार करणारी जाळी, आणि तिथून इंजिनापर्यंत जाड पाईप जातात आणि त्यात जोर लावल्यावर दाब असतो. पाईप फाटला किंवा क्लॅम्पमधून सरकला की पिकअप जातो, डिझेलला काळा धूर येतो, कोड बहुतेक पी०२९९. लीकच्या जागी ऑइलचा ताजा फवारल्यासारखा डाग दिसतो. पाईप परत बसवताना दोन्ही तोंडं ऑइल पुसून कोरडी करा, नाहीतर पहिल्याच चढावर परत निसटतो, हे मी दोनदा भोगलंय. आणि डिझेलवाल्यांनी वरची व्हॅक्यूम लीकची कहाणी जशीच्या तशी लावू नये, डिझेलच्या इनटेकमध्ये तसा व्हॅक्यूम नसतो, ब्रेकसाठी वेगळा पंप असतो.

एक्झॉस्टचा आवाज सलग सूं नसतो, फुस-फुस-फुस असा इंजिनाच्या तालात असतो आणि रेस दिली की वेग वाढतो. थंड असताना जास्त, लोखंड तापून फुगलं की फट मिटते. जोडापाशी काळी काजळी दिसते. काचा उघड्या ठेवून चालवा आणि लवकर गॅस्केट बदलून घ्या, धूर केबिनमध्ये यायला नको. याच तालातला, पण इंजिनाच्या वरून येणारा आवाज असेल तर स्पार्क प्लग ढिला आहे का ते बघा, प्लगच्या बुडाशी काळं तेलकट वर्तुळ दिसतं.

फुसफुस नसून चर्रर्र असेल आणि जळकट वास असेल तर व्हॉल्व्ह कव्हरमधून ऑइल गरम एक्झॉस्टवर ठिबकतंय, हे लांबवू नका, आग लागू शकते. पाऊस किंवा धुण्यानंतर पाच मिनिटं चर्रर्र आलं तर ते नुसतं पाणी, एसीचं पाणीही कधीकधी सायलेन्सरवर पडतं.

ज्यात काहीच बिघडलेलं नसतं

एसी बंद केल्यावर डॅशबोर्डमागून अर्धा-एक मिनिट सूं, तो आतला गॅस दोन्हीकडे सारखा होतोय. पेट्रोलचं झाकण उघडताना फुस्स. टर्बो गाडीत अॅक्सिलरेटर सोडताना प्श्श. हे पहिल्यापासून असतील तर सोडून द्या, नव्यानेच सुरू झाले असतील किंवा वाढले असतील तरच लक्ष द्या, उदाहरणार्थ एसीचा आवाज वाढलाय आणि गारवाही कमी झालाय तर गॅस गळतोय. तो मशीननेच तपासायचा, एसीचा पाईप घरी उघडायचा नाही, सुटलेला गॅस लागलेल्या जागची कातडी गोठवतो.

दुरुस्ती झाल्यावर

आवाज गेला म्हणजे काम झालं असं धरू नका. ओबीडीने कोड पुसा, वीस-पंचवीस किलोमीटर चालवा, ट्रिम परत बघा, लीक भरलं असेल तर शून्याच्या आसपास यायला लागतो, पण कंप्युटरला जुना हिशोब विसरायला थोडं चालणं लागतं. कूलंटचं काम केलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनात टाकीची पातळी बघा, मग आठवडाभर रोज सकाळी, त्याच वेळी, आणि टाकीवर पेनाने बारीक रेघ मारून ठेवा. रेघ जागेवर राहिली तर बोनेट लावा.